खड्डा खणण्याआधी जमिनीला विचारा

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत एका ताईंनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. ज्यांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी, आणि गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवता यावा म्हणून तो इथं छापत आहोत.)



मला विषय दिलाय ‘शौचालयासाठी गटाचं कर्ज’. हप्ता किती, व्याज किती, हे आपल्या लेखापाल ताई माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मी बोलणार आहे त्या कर्जातून जो खड्डा खणला जातो त्याबद्दल. संडासाचा विषय निघाला म्हणून तोंडाला पदर लावू नका. हा विषय खरं तर पाण्याचा आहे, आणि पाणी भरतं कोण? आपणच.

माझं माहेर सांगोल्याकडचं. मुरमाड माळ, डाळिंबाची बाग, कुदळ मारली की ठणका बसतो. सासर मंगळवेढ्याकडचं. काळंभोर रान, ज्वारीचं. पावसाळ्यात पायाला चार-चार किलो चिखल चिकटतो आणि उन्हाळ्यात भेगांत हात जातो. या दोन जमिनींनी मला जे शिकवलं, तेच आज तुमच्यापुढं मांडते.

सासरी आम्ही घर बांधलं तेव्हा संडासासाठी गटातून चाळीस हजार उचलले. कसा बांधायचा? मी मालकांना म्हटलं, माझ्या दादासारखा. दादाचा खड्डा दहा फूट खोल, सिमेंटच्या रिंगा, तळ उघडा. दादा मोठ्या अभिमानानं सांगायचा, “पंधरा वर्षं झाली, एकदासुद्धा उपसला नाही.” मग काय, तसाच खणला. ऐन मे महिन्यात. दोन-तीन महिने झकास गेले. मग हस्ताचा पाऊस लागला. भेगा मिटल्या, माती फुगली, आणि खड्डा काठोकाठ. भांड्यात पाणी ओतलं की खाली जायच्या ऐवजी वर यायला लागलं. घरात नवाकोरा संडास, आणि आम्ही बायका पुन्हा डबा घेऊन अंधारात, चिखलात, ज्वारीच्या कडेला. सासूबाईंचे गुडघे धरलेले, त्यांना धरून न्यायचं, धरून आणायचं. आणि हप्ता मात्र दर महिन्याला चालूच.

गवंड्याला बोलावलं. तो म्हणाला, “काही नाही वैनी, खड्ड्याच्या तळातून दोनशे फूट बोअर मारा. पाणी गायब.” आम्ही पैशाची जुळवाजुळव करायलाही लागलो होतो. आपल्याच गटातल्या एक मावशी बैठकीत म्हणाल्या, “गायब होऊन जाणार कुठं गं? तुमचं बोअर आणि शेजारच्या भावकीचं बोअर एकाच दगडातलं पाणी पितंय ना?” त्या एका वाक्यानं आम्ही थांबलो. शाळा न शिकलेल्या बाईनं सांगितलेलं ते शहाणपण होतं.

आता माहेरची गोष्ट ऐका. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं शिकवतात, त्यात माझं नाव आलं. पंचमीला माहेरी गेले तर पिशवीत एक तपासणीची बाटली होती. दादाच्या दारातला हापसा खड्ड्यापासून पंचवीस फुटांवर. त्याचं पाणी बाटलीत भरलं, उबेला ठेवलं. सकाळी बाटली काळीकुट्ट. म्हणजे पाण्यात मैल्यातले जंतू. वहिनीला दाखवली तर ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. “पंधरा वर्षं पितोय आम्ही हे पाणी. लेकीनं येऊन माहेराला नाव ठेवलं,” म्हणाली. माझ्या धाकट्या भाच्याला दर पावसाळ्यात जुलाब व्हायचे. कुणी म्हणायचं दात येतात, कुणी म्हणायचं नजर लागते. ते खड्ड्यामुळंच झाले, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण बाटली काळी होती, हे खरं.

तर तायांनो, सासरी पाणी मुरत नव्हतं, ते डोळ्यांना दिसलं, नाकाला कळलं. माहेरी पाणी फार झपाट्यानं मुरत होतं, ते कुणालाच दिसलं नाही. आपण ज्याला ‘चांगला खड्डा’ म्हणत होतो तोच जास्त धोक्याचा निघाला.

टाकी पाणी साफ करत नाही

पुष्कळ जणींना वाटतं, सेप्टिक टाकी बांधली म्हणजे झालं, आतलं पाणी साफ होऊन बाहेर पडतं. तसं नाही. टाकीत जड मैला तळाला बसतो, तेलकट साय वर तरंगते, आणि मधलं पाणी बाहेर जातं. त्या पाण्यात जंतू असतातच. ते साफ करायचं काम माती करते. खड्ड्याच्या खाली कोरड्या, हवा खेळणाऱ्या मातीचा थर असेल तर पाणी त्यातून हळूहळू झिरपतं, जंतू मातीत अडकतात आणि मरतात.

पीठ चाळायची चाळण डोळ्यांपुढं आणा. चांगली माती म्हणजे ती चाळण. फुटका खडक म्हणजे पुरणाची मोठ्या भोकांची चाळण, त्यातून सगळंच खाली जातं. आणि ओली काळी माती म्हणजे भिजलेलं जाड फडकं, त्यातून काहीच जात नाही. आपल्याला बघायचं एवढंच की आपल्या जागेत चाळण कुठली आहे, आणि चाळणीखाली पाण्यापर्यंत अंतर किती आहे.

आपल्या महाराष्ट्राचा बराच मोठा भाग काळ्या बेसाल्ट दगडावर बसलाय. वर माती, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला दगड, मग कातळ. विहिरीचं, बोअरचं पाणी त्या मुरमात आणि भेगांत असतं. त्या भेगा कुठून कुठं गेल्यात ते वरून दिसत नाही. म्हणून माळावरच्या बायांनी जास्त सावध राहायचं. कोकणात जांभ्या दगडाच्या बाबतीतही तेच, त्यालाही भोकं असतात आणि पाणी पटकन पळतं.

जमीन कशी तपासायची

यासाठी यंत्र लागत नाही. पहार, कुदळ, बादली, दोरी, खुणा केलेली काठी आणि मोबाईलमधलं घड्याळ, एवढं पुरे. पाच गोष्टी बघायच्या.

पहिली, मातीचे थर बघा. जिथं खड्डा घ्यायचा तिथंच एक चाचणी खड्डा खणा, संडासाचा खड्डा होणार त्याहून दोन-तीन फूट खोल. शेजारी कुणाची नवी विहीर चालू असेल, ओढ्याची दरड असेल, तर तीही बघून या. काळी माती किती फूट, मुरूम किती, दगड कुठं लागतो, ते वहीत लिहा. मातीत राखाडी-निळसर पट्टे आणि त्यात गंजासारखे तांबूस ठिपके दिसले तर समजा की पावसाळ्यात तिथं पाणी साचून राहतं. मग मे महिन्यात जागा कितीही कोरडी दिसो. आणि एक सांगते, चाचणी खड्ड्याच्या कडा ढासळतात, ओल्या काळ्या मातीत तर जास्तच. एकटीनं उतरू नका, आणि रात्री तो उघडा ठेवू नका. पोरं-गुरं पडतात.

दुसरी, माती हातात घेऊन बघा. मूठभर माती घ्या, पाणी लावून मळा आणि वळवट वळतो तशी वळा. वळतच नसेल, भुरभुर सांडत असेल, तर वाळूची माती. वळली पण वाकवताना तुटली, तर मध्यम, ही खड्ड्याला सगळ्यात चांगली. लांब शेवई झाली आणि तिची न तुटता गोल बांगडी झाली, तर चिकण माती. त्यात पाणी मुरणार नाही, आत्ताच ओळखून ठेवा.

तिसरी, पाणी किती वेळात मुरतं ते मोजा. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि यात फसवणूकही होते. आधी माणूस बसून काम करेल एवढा तीन फूट खोल चर खणा. त्याच्या तळात आणखी एक छोटा, चार इंच रुंद आणि फूट-दीड फूट खोल खड्डा घ्या. पहारीनं त्याच्या कडा लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात, त्या खिळ्यानं खरवडा. सुटी माती काढा, तळाला दोन इंच खडी टाका. मग खडीच्या वर एक फूट पाणी भरा आणि रात्रभर तसंच ठेवा. खड्ड्यात पाणी टिकत नसेल तर पुन्हा पुन्हा भरा, पण माती चांगली भिजू द्या. काळ्या मातीत ही पायरी सोडलीत तर आमचं झालं तसं होईल. कोरड्या भेगा दोन-चार बादल्या पाणी गटकन पितात आणि आपल्याला वाटतं काय छान मुरतंय!

दुसऱ्या दिवशी खडीच्या वर सहा इंच पाणी ठेवा, काठी उभी करा आणि अर्ध्या तासात पाणी किती इंच उतरलं ते बघा. अर्ध्या तासात दोन इंच उतरलं, तर एका इंचाला पंधरा मिनिटं. अर्धाच इंच उतरलं, तर एका इंचाला साठ मिनिटं. हिशेब बचतीच्या वहीपेक्षा सोपा आहे.

सेप्टिक टाकीच्या पाण्यासाठी भारतीय मानकात असं सांगितलंय: एक इंच उतरायला ३० मिनिटं किंवा त्याहून कमी लागत असतील तर शोषखड्डा चालतो. ३० ते ६० मिनिटं लागत असतील तर खोल खड्ड्याऐवजी लांब उथळ चर घ्यायचा. ६० मिनिटांच्या वर गेलं तर नुसत्या मातीच्या भरवशावर राहायचं नाही, वेगळी सोय लागते. आणि एक-दोन मिनिटांतच इंच उतरला तर खूश होऊ नका. खाली भेगा आहेत, पाणी गाळलं जात नाही, पळतंय. माझ्या माहेरी हेच होतं.

चौथी, जमिनीखालचं पाणी किती खोल आहे ते बघा. जवळच्या विहिरीत दोरीला दगड बांधून सोडा. पण मोजायचं कधी? पाणी सगळ्यात वर असतं तेव्हा. आपल्या सोलापूर भागात परतीचा पाऊस मोठा, म्हणून भादवा-अश्विनात मोजा. उन्हाळ्यात मोजायला गेलात तर विहीर तुम्हाला खोटं सांगेल. आमच्या शेजारच्या विहिरीला मे महिन्यात चाळीस फुटांवर पाणी असतं, अश्विनात सात फुटांवर. उजनीच्या कालव्याजवळची गावं असतील तर आवर्तन सुटल्यावरही मोजा, तेव्हाही पाणी वर येतं.

नियम असा की खड्ड्याचा तळ आणि सगळ्यात वर आलेलं पाणी, यांत दोन मीटर म्हणजे साडेसहा फूट कोरडी माती हवी. आमचंच बघा. अश्विनात पाणी सात फुटांवर, आणि आमचा खड्डा दहा फूट खोल. म्हणजे पावसाळाभर आम्ही मैला थेट भूजलात बुडवत होतो. खोल खड्डा चांगला, ही आपली समजूतच उलटी आहे. शक्य तितका उथळ खड्डा चांगला.

पाचवी, अंतर मोजा. सेप्टिक टाकीचा शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून, हापशापासून, बोअरपासून कमीत कमी १८ मीटर, म्हणजे साठ फूट लांब हवा. साठ फूट म्हणजे चाळीस हात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. घरापासूनही तो वीस फूट हवा. दोन खड्ड्यांच्या संडासाला नियम जरा सैल आहेत, पण पाणी वर येणाऱ्या जागी त्यालाही दहा मीटरच्या आत जाऊ नका. मुरमाड, भेगाळ जागेत आकड्यावर थांबू नका, जेवढं लांब जाईल तेवढं न्या. शिवाय उतार बघा. विहीर वरच्या अंगाला, खड्डा खालच्या अंगाला. आणि फक्त आपलीच विहीर मोजू नका, शेजारणीचीही मोजा. तिची विहीर आपल्या उताराला असेल तर आपला खड्डा तिच्या घागरीत जातो.

मग करायचं काय?

“एवढं बघून जमीन नापास झाली तर संडास बांधायचाच नाही का?” असं कुणी विचारेल. बांधायचाच. पण जमिनीला सोसेल असा.

पहिल्यांदा हे लक्षात घ्या की पाच-सहा माणसांच्या घराला बहुतेक ठिकाणी दोन खड्ड्यांचा संडास पुरतो. एका वेळी एकच खड्डा चालू ठेवायचा. तो भरला की मधल्या कुंडीतून पाणी दुसऱ्याकडं वळवायचं आणि पहिला दीड-दोन वर्षं झाकून ठेवायचा. आतल्या मैल्याचं कोरडं, वास नसलेलं खत होतं. आपल्याकडं चूक काय होते, दोन्ही खड्डे एकदमच चालू करतात. मग दोन्ही एकदमच भरतात आणि दोन खड्ड्यांचा उपयोगच राहत नाही. तुमच्या घरची मधली कुंडी आज घरी गेल्यावर उघडून बघा. एक तोंड बंद आहे ना?

काळ्या रानात खड्डे उथळ आणि थोडे मोठे घ्या. बांधकामाच्या बाहेरून चहूबाजूंनी एक फूट जाडीचा वाळूचा किंवा बारीक खडीचा थर भरा. पाण्याला पसरायला जागा मिळते आणि फुगणारी माती भिंतीला थेट दाबत नाही. पाणी साचणाऱ्या जागी खड्ड्याचं तोंड साचणाऱ्या पाण्याच्या पातळीपेक्षा एक फूट वर घ्या आणि भोवती माती दाबून भर घाला. अंघोळीचं, धुण्याभांड्यांचं पाणी या खड्ड्यात अजिबात सोडू नका. ते वेगळं काढून केळीला, कर्दळीला द्या. जास्त उताराचं ग्रामीण भांडं बसवलं तर दीड-दोन लिटर पाण्यात काम होतं. काळ्या मातीत प्रत्येक बादलीचा हिशेब आहे.

मुरमाड, भेगाळ जागेत काम उलटं. पाणी मुरवायची घाई नाही, त्याला हळू करायचंय. पाणी आणि खड्डा यांतलं अंतर कमी पडत असेल तर खड्ड्याचा तळ पक्का करा आणि चहूबाजूंनी अर्धा मीटर, म्हणजे वीस इंच, बारीक वाळू भरा. खडी नको, जाड वाळूही नको. ती वाळू म्हणजे आपण विकत आणलेली चाळण.

सेप्टिक टाकीच बांधायची असेल तर ती खरी टाकी असू द्या. तळ पक्का, भिंती न झिरपणाऱ्या, आणि बाहेर पडणारं पाणी शोषखड्ड्यात किंवा चरात. गटारात नाही, ओढ्यात नाही. दोन-तीन फूट खोल चर, तळाला खडी, त्यात भोकांचा पाइप, वर माती, असा शोषचर आपल्याकडची कुठलीही गवंडी ताई बांधू शकते. आणि टाकी किती मोठी हवी? पाच माणसांना आतून पाच फूट लांब, अडीच फूट रुंद आणि साधारण सव्वातीन फूट पाण्याची खोली, एवढी टाकी मानकाप्रमाणं पुरते. ती दोन-तीन वर्षांनी उपसायची असते. आपण मात्र ‘आयुष्यात भरू नये’ म्हणून दहा बाय दहाची विहीर बांधतो आणि कर्ज दुप्पट करतो. जी टाकी कधीच भरत नाही, ती कुठं तरी गळतेय, हे लिहून ठेवा.

चार गोष्टी मात्र कधीच करायच्या नाहीत. संडासाचं पाणी जुन्या विहिरीत सोडायचं नाही. बंद पडलेल्या बोअरमध्ये सोडायचं नाही. खड्ड्याच्या तळातून बोअर मारायचं नाही. आणि भरलेल्या टाकीत कुणाला उतरवायचं नाही, घरच्याला नाही आणि पैसे देऊन दुसऱ्यालाही नाही. आत विषारी वायू असतो, माणूस हाक मारायच्या आत कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. कुणाला असं उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी आपण ते केलं नसतं. उपसायला गाडीच बोलवायची.

पाणी तपासत राहा

ज्यांच्या घराजवळ आधीच खड्डा आणि हापसा शेजारी-शेजारी आहेत त्यांनी घाबरायचं नाही, तपासायचं. जंतूंच्या बाटलीत पाणी भरा, एक-दोन दिवसांत काळं झालं तर ते पाणी न उकळता पिऊ नका, आणि ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला सांगा. पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा तपासा.

आणखी एक म्हणजे नायट्रेट. मैल्यातून, खतातून ते पाण्यात उतरतं. त्याला वास नाही, चव नाही, रंग नाही, आणि पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटतं तसं वाढतं. एका लिटरला ४५ मिलिग्रॅम ही पिण्याच्या पाण्याची मर्यादा आहे. तान्ह्या बाळाला वरचं दूध अशा पाण्यात कालवून दिलं तर बाळ निळं पडू शकतं. म्हणून गावात बाळंतीण असेल त्या घरचं पाणी आधी तपासा. तपासणीची पेटी ग्रामपंचायतीकडं मागा, आणि पक्की तपासणी हवी तर नमुना सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळेत पाठवा.

गटानं काय करावं

आता माझी मागणी. आपण शेळीसाठी कर्ज देताना शेळीचे दात बघतो. शिलाई मशीनसाठी देताना दुकानाचं बिल बघतो. मग संडासासाठी चाळीस-पन्नास हजार देताना जमीन का बघत नाही? माझं कर्ज मंजूर झालं त्या बैठकीत एक जरी ताई म्हणाली असती, “आधी पाणी मुरतंय का बघू,” तर माझे दोन पावसाळे वाचले असते.

म्हणून संडासाचं किंवा टाकीचं कर्ज मंजूर करण्याआधी गटातल्या दोघींनी जागेवर जाऊन सात प्रश्न विचारावेत आणि उत्तरं कर्जाच्या अर्जामागं लिहावीत:

१. चाचणी खड्ड्यात काय-काय लागलं, किती फुटांवर?
२. रात्रभर भिजवल्यावर एक इंच पाणी उतरायला किती मिनिटं लागली?
३. पावसाळ्यानंतर विहिरीचं पाणी किती फुटांवर असतं?
४. खड्ड्याचा तळ आणि ते पाणी यांत साडेसहा फूट राहतात का?
५. आपली आणि शेजारची विहीर, हापसा, बोअर किती हातांवर, आणि कुठल्या अंगाला?
६. अंघोळीचं पाणी कुठं जाणार?
७. भरल्यावर उपसायची गाडी तिथंपर्यंत येते का, किंवा दुसरा खड्डा आहे का?

उत्तर नकारार्थी आलं म्हणून त्या ताईचं कर्ज अडवायचं नाही. तिला तिच्या जमिनीला सोसेल तसा आराखडा करून द्यायचा. पंचायतीच्या अभियंत्याला दाखवायचा. पण बघितल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत. कोरड्या भेगांनी आम्हाला फसवलं तसं तुम्ही फसू नका.

शेवटचं सांगते. सासरी आम्ही तो दहा फुटांचा खड्डा गाडीनं उपसून बुजवला. दोन उथळ खड्डे घेतले, भोवती वाळू भरली, तोंड वर उचललं, अंघोळीचं पाणी केळीला काढलं. त्यासाठी दुसरं कर्ज काढावं लागलं, त्याचे हप्ते अजून चालू आहेत. पण गेल्या दोन पावसाळ्यांत सासूबाईंना अंधारात बाहेर न्यावं लागलं नाही.

आणि माहेरी? वहिनीनं दोन दिवस धरलेला अबोला तिसऱ्या दिवशी तिनंच सोडला. “तपासणीची बाटली अजून एक आहे का गं? शेजारच्या काकूंच्या हापशाचं बघायचं होतं,” म्हणाली. दादानं जुना खड्डा बंद केला, नवे दोन खड्डे हापशापासून चाळीस हातांच्या पुढं, खालच्या अंगाला घेतले. तोपर्यंत पिण्याला नळाचंच पाणी. या उन्हाळ्यात हापशाची बाटली काळी झाली नाही. पण मी वहिनीला सांगितलंय, उन्हाळ्यातल्या बाटलीवर विश्वास ठेवायचा नाही. अश्विनात परत बघायचं.

तुम्हीही येत्या अश्विनात एक काम करा. दोरीला दगड बांधा आणि आपल्या विहिरीचं पाणी मोजून गटाच्या वहीत लिहून ठेवा. तेवढा एक आकडा लिहिलेला असला तरी पुढच्या कुठल्या तरी ताईचा खड्डा चुकायचा वाचेल.